तिसरा शॉवर

तिसऱ्या शॉवरला गरम पाणी येत नाही
हे तो सात वर्षं मला सांगत होता.
दर सामन्यानंतर, टॉवेल खांद्यावर टाकून:
"ऑर्व्हिल, तुमच्या या टोलेडोत काच वितळवतात म्हणे,
मग बादलीभर पाणी तापायला काय होतं?"
मी म्हणायचो, वर कळवलंय.
वर म्हणजे चौथ्या मजल्यावर,
जिथे गालिचा आहे.

या डिसेंबरात त्याने विचारणं सोडलं.
पावणेसात फुटांचा देह आखडून
गार धारेखाली उभा राहायचा गुमान,
आणि केस न पुसता निघून जायचा.

माझी पहिली बायको घर सोडून गेली
त्याआधी चार महिने
तिने माझ्या घोरण्याला नावं ठेवणं बंद केलं होतं.
मला वाटलं होतं, सुख सुख म्हणतात ते हेच.

बुधवारी रात्री मिस्टर हाल्मोस धुलाईखोलीत आले.
अकरा वर्षांत पहिल्यांदा.
बुटांवर बर्फ तसाच, टाय खिशात कोंबलेला.
ड्रायरमध्ये एकेचाळीस नंबर गरगरत होता,
काचेवर येई, उलटा होई, दिसेनासा होई.
"जूनमध्ये करार संपतो," ते म्हणाले,
"नुसता उठून गेला तर आपल्या हाती धुपाटणं.
उद्या तीनपर्यंत वेळ आहे.
तू त्याचे मोजे धुतोस. तू सांग.
राहील तो?"

वरती त्यांच्याकडे सगळं मोजलेलं होतं,
त्याची झोप, त्याची उडी, चौथ्या डावातली दमछाक,
कुठल्या शहरात त्याच्या एजंटने किती वेळा जेवण घेतलं.
शॉवर कुणी मोजला नव्हता.

मी घडी घालत होतो.
बाह्या आत, गळा वर.
म्हणालो, "हल्ली तो तक्रार करत नाही."
एवढंच.
त्यांनी मान हलवली,
आणि लिफ्टचं बटण दोनदा दाबलं.

गुरुवारी, दोन सत्तेचाळीस.
टेरॉन मॅब्रीच्या बदल्यात आले:
एक पाठदुखीवाला, वय तेहतीस,
एक लिथुआनियन पोरगा, लांबून बरा मारतो,
आणि सहा वर्षांनंतरची एक निवड.
म्हणजे आत्ता कुठेतरी सहावीत असलेला कुणी मुलगा.
त्याचा गणिताचा तास चालू असेल.
त्याच्या आईला कोण सांगणार,
तुझा बाळ आज दुपारी आमच्या हिशेबात जमा झाला.

डॉर स्ट्रीटवर न्हावी म्हणाला, विकला रे देव.
खुर्चीतला म्हणाला, फुकट गेला असता, त्यापेक्षा बरं.
न्हाव्याने त्याची एक कल्ली जरा जास्तच कापली.

संध्याकाळी तो बूट न्यायला आला.
सोळा नंबरचे नऊ जोड.
मी खोकी बांधली, त्याने बोट ठेवलं,
मी गाठ मारली.
विमानाला दीड तास होता. दोघांनाही बोलायला काही सुचेना.

दारात थांबून म्हणाला,
"ऑर्व्हिल, तो तिसरा शॉवर."
"हो. कळवतो वर."
"नको कळवूस. राहू दे तसाच.
नाताळात मेरिडियनची मावशी म्हणाली,
गुडघ्याला गार पाणी सोड, गरम कसलं घेतोस.
तिचं ऐकलं. सूजच गेली बघ."
आणि वाकला. त्या दाराशी तो सात वर्षं वाकतच आला होता.

राहिला असता, असं तो म्हणाला नाही.
गेलोच असतो, असंही नाही.
मी विचारलं नाही.
घड्याळात पाच वाजून गेले होते,
आणि तीनची वेळ तीनलाच संपते.

रात्री नावाची शिवण उसवायला घेतली.
म पासून सुरुवात केली, मग थांबलो.
तिसरा शॉवर सोडला,
बाही न सारता हात धरला खाली.
बराच वेळ.
गारच होतं.